डॅशबोर्डमागची टकटक

गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून टकटक यायची. कुणी आत बसून प्लॅस्टिकच्या डब्यावर नखाने टिचक्या मारतंय, अशी. थोडा वेळ चालायची, थांबायची. एसीचं तापमान कमीजास्त केलं की पुन्हा सुरू. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्ही भाजी घेऊन घरी येत होतो.

"अहो, हा कसला आवाज?" मी विचारलं.

"कसला आवाज?" तुमचे आजोबा म्हणाले.

"टकटक होतेय."

"रस्ता बघ कसा आहे. टकटक होणारच."

आम्ही तेव्हा सिग्नलला उभे होतो. गाडी जागची हलत नव्हती. पण चालवणाऱ्या माणसाशी वाद घालू नये असा माझा नियम आहे, म्हणून मी मांडीवरची कोथिंबीर सारखी केली.

मुलांनो, पुढचं सांगण्याआधी त्या दिवसांत आपल्याकडे काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण त्यातलं निम्मं तुमच्याच बाबतीत होतं आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही तिकडे परदेशात, आणि आपल्या रविवारच्या व्हिडिओ फोनवर आजोबा पडद्यासमोर यायचे, हात हलवायचे, "कसे आहात? छान, छान" म्हणायचे आणि "आजीला देतो" म्हणून उठायचे. एका रविवारी तू, मोठ्या, शाळेसाठी केलेली मोटरवर चालणारी छोटी गाडी छातीशी धरून उभा होतास. ती आजोबांनाच दाखवायची म्हणून तू आईलाही नीट पाहू दिली नव्हतीस. कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात उभा जन्म काढलेला माणूस, तो तुला शंभर प्रश्न विचारेल अशी तुझी खात्री असणार. तू बराच वेळ बोललास. आजोबा म्हणाले, "छान, छान. आजीला देतो."

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईचा मला वेगळा फोन आला. "आई, तो विचारतोय, आजोबांना मी आवडत नाही का? धाकटी तर आता फोनवर यायलाच तयार नाही. बाबांना काय झालंय?"

काय झालंय ते मला ठाऊक होतं. टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत जायला लागला होता. दारावरची बेल मीच ऐकायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम लग्न झाल्यापासून त्यांच्याकडे होतं, ते न बोलता माझ्याकडे आलं होतं. पण कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की त्यांचं एकच उत्तर असायचं.

"माझे कान ठणठणीत आहेत. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. तूसुद्धा."

"आणि मुलं?"

"मुलांचे उच्चार तिकडचे झालेत. त्याला मी काय करू?"

तुझा प्रश्न मी त्यांना जसाच्या तसा सांगितला. मोठ्याने, समोर बसून. ते ताटाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पोरं आहेत. विसरतील." मला नेमकी तीच भीती होती. इतक्या लांबची मुलं विसरायला लागली तर आपल्या हातात काय उरतं?

तर ती टकटक. गाडी नेहमीच्या तपासणीला नेली तेव्हा तिथल्या माणसाने दार उघडताच सांगितलं, "काका, एसीच्या झडपेची मोटर गेलीय. डॅशबोर्ड खाली उतरवावा लागेल." आजोबांना त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं पोचलं, कारण तो माणूस ते बोलताना डॅशबोर्डवर थापा मारत होता. त्यांनी गाडी तशीच घरी आणली. मोटरीचं मी वाटेत त्यांना ओरडून सांगितलं.

"डॅशबोर्ड उतरवायचा म्हणे! उद्या म्हणतील छप्पर उतरवा. त्या मोटरीला काही झालेलं नाही. मी उघडून दाखवतो तुला."

म्हणजे बघा, दुरुस्ती सुरू झाली ती दुरुस्तीसाठी नव्हेच. आवाज होतच नाही, हे मला सिद्ध करून दाखवण्यासाठी.

यात माझं काम होतं वाचनाचं. मी शाळा इंग्रजी माध्यमातून शिकले आणि पुढे ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहारच केला, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राचं माहितीपुस्तक वाचायचं ते मी आणि यंत्र उघडायचं ते त्यांनी, अशी आमची जुनी विभागणी आहे. मी सगळं नीट वाचून काढलं. तुम्हाला थोडक्यात सांगते. आपोआप तापमान राखणाऱ्या एसीत थंड आणि गरम हवा मिसळणारी एक झडप असते. ती उघडायची-मिटायची ती काड्यापेटीहून जरा मोठ्या अशा प्लॅस्टिकच्या डबीने. डबीत एक चिमुकली मोटर आणि पांढरी दातेरी चाकं. चाकाचे दाते झिजले की ते एकमेकांवरून घसरतात आणि टकटक होते. अशा डब्या गाडीत एकापेक्षा जास्त असतात. एक डाव्या बाजूच्या कप्प्यामागे, बाहेरची हवा आत घेणारी. दुसरी, तापमानाची, पार खाली चालकाच्या पायांशी.

"आवाज खालून, उजवीकडून येतो," मी सांगितलं.

"येत नाही म्हटलं ना. आणि आलाच तर डावीकडून येईल. आधी हाताला लागते ती बघायची."

रविवारची सकाळ होती. मी इमारतीखाली गाडीशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले. मांडीवर इडलीपात्राची जुनी ताटली. स्क्रू एकत्र मिसळलेले मला चालत नाहीत. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या खळग्यात, घड्याळाच्या क्रमाने. आजोबा या ताटलीला हसतात, पण स्क्रू मागताना हात बरोबर तिच्याकडेच करतात.

त्यांनी डाव्या बाजूचा कप्पा उतरवला. त्यातून आपला जुना छत्रीचा दांडा, वाळलेली सुपारी आणि मी दोन पावसाळे शोधत असलेला चष्मा निघाला. मागची डबी त्यांनी सोडवली, बाहेर आणली, नखाने झाकण उचललं. आत चाकं स्वच्छ होती, ग्रीस जागच्या जागी.

"बघ!" त्यांचा चेहरा उजळला. "मोज दाते. एक तरी तुटलाय?"

मी चष्मा लावून बघितलं. एकही तुटला नव्हता.

"मग? आता कोण टकटक करतंय?"

"ही करत नाही. दुसरी करतेय."

"काय?"

"दुसरी!"

"तू ना, एकदा धरलंस की सोडत नाहीस."

त्यांनी डबी परत बसवली, वायर जोडली आणि सीटवर बसून चावी फिरवली. टकटक सुरू झाली. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडे विजयाने बघत होते.

"शांत. एकदम शांत."

"अहो, येतोय आवाज."

"तुझे कान वाजतायत."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाई देवळातून परत येत होत्या. हातात प्रसादाची पिशवी. गाडीपाशी थांबल्या, वाकून आत बघितलं आणि हसत म्हणाल्या, "काकी, गाडीत पाल शिरली काय? केवढी बोलते!"

आजोबांनी त्यांचं हसणं बघितलं. मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"गाडीत पाल बोलतेय म्हणतायत."

"पाल? खंय?" आजोबा घाबरले की त्यांच्या आईची मालवणी बाहेर येते. ते पटकन पाय वर घेऊन बसले.

"अरे काका, पाल नाही, मशीन! टकटक टकटक! तुम्हाला ऐकू नाही येत?"

हे त्या बाई त्यांच्यासमोर वाकून, मोठ्याने पण अगदी सहज बोलल्या. मनात काहीच नव्हतं त्यांच्या. माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवून लिफ्टकडे निघून गेल्या. टकटक थांबली होती. आजोबांनी एसीचं बटण दाबून तापमान कमी केलं, ती परत सुरू झाली, आणि त्यांनी मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या. मी फुटाणे चघळत ताटलीतले खळगे बघत बसले. अशा वेळी माणसाकडे बघू नये.

मग ते उतरले आणि डिकीतून लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

तुम्ही तो बघितला नसेल. लाकडी मुठीचा, हातभर लांब. तो स्क्रू पिळायला फारसा वापरत नाहीत. कारखान्यात चालू मशीनचं बेअरिंग आतून कसं आहे हे बघायचं तर उघडून बघता येत नाही. मग फिटर लोक अशा स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. आतली खरखर लोखंडातून सरळ डोक्यात येते. आजोबा या कामात तरबेज होते. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी तो आमच्या मिक्सरला लावून मला कळवलं होतं की तुझ्या माहेरच्यांनी दिलेला मिक्सर वर्षभरात जाईल. तो वीस वर्षं चालला, याची मी त्यांना अधूनमधून आठवण करून देते.

त्यांनी आधी डावीकडच्या डबीला टोक लावलं. "चालू कर." मी चालकाच्या सीटवर जाऊन बाहेरची हवा घेण्याचं बटण दाबलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "घूं," ते म्हणाले. "लोण्यासारखी फिरतेय."

"आता खाली बघा," मी म्हटलं आणि उतरून बाजूला झाले.

त्यांनी नाही म्हटलं नाही. मी वरून जुनी गोधडी आणली, ती दाराबाहेर अंथरली, आणि आजोबा तिच्यावर उताणे पडून पायांच्या जागेत डोकं घालून आत सरकले. या वयात असं आत जाणं म्हणजे काही सोपं नाही. आधी खांदा अडकला, मग चष्मा. आतून मला दोनतीन शब्द ऐकू आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मी दुसऱ्या बाजूने शेजारच्या सीटवर बसले. तिथून मला त्यांचा चेहरा दिसत होता, उलटा, कपाळ खाली आणि हनुवटी वर.

टॉर्चच्या उजेडात त्यांना डबी सापडली. टोक तिच्यावर टेकवलं, मूठ कानामागे. मी बटण दाबलं.

टकटक सुरू झाली आणि आजोबांनी डोळे उघडले.

"बंद कर."

मी बंद केलं.

"कर चालू."

मी केलं. त्यांनी मूठ कानापासून दूर केली. तसेच पडून राहिले.

"चालू आहे?"

"आहे."

"आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा होतेय."

त्यांनी मूठ परत हाडाला लावली. परत काढली. परत लावली. लहान मूल दिव्याचं बटण खालीवर करतं तसं ते बराच वेळ करत राहिले. मी बटण दाबत राहिले. टकटक थांबली तरी मूठ त्यांच्या कानामागेच होती.

"तुला हे तिथे बसून येतं?"

"येतं."

"त्या बाईंना बाहेरून आलं."

"हो."

"बाहेरून," ते परत म्हणाले. मग, "तो पोरगा त्या दिवशी केवढं बोलत होता."

माझ्याकडे वर्षभराची तयार वाक्यं होती, एकापाठोपाठ एक लावून ठेवलेली. त्यातलं एकही मला बाहेर काढावंसं वाटलं नाही. त्यांच्या कपाळावर धूळ होती ती मी वाकून पदराने पुसली.

"पुसतेस काय? छोटा स्क्रूड्रायव्हर दे," ते म्हणाले.

मग खरी दुरुस्ती झाली. त्या डबीला तीन स्क्रू. दोन दिसत होते, तिसरा मागच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारा. तो त्यांनी बोटांनी चाचपून काढला आणि तो हातातून निसटून गालिच्याखाली गेला. तो शोधण्यात आमची चहाची वेळ टळली. मी माहितीपुस्तकातलं वाचून सांगायची आणि आतून "काय?" यायचं. शेवटी मी वाचणं सोडून बोटांनी खुणा करायला लागले, आणि काम एकदम भराभर झालं.

डबी उघडली. मधल्या चाकाचे दोन दाते पार चपटे झाले होते, बाकीचे जसेच्या तसे. नवीन डबी मागवायची का, असं मी विचारणार, तोवर आजोबांनी चाक टॉर्चखाली धरलं होतं.

"हे चाक पूर्ण फिरतच नाही, बघ. झडप थोडीशीच हलते, म्हणून रोज या अर्ध्याच बाजूवर चालतंय. दुसरी बाजू कोरी करकरीत आहे." त्यांनी चाक उचललं, अर्धं फिरवून परत बसवलं, ग्रीसचं बोट लावलं आणि झाकण दाबलं. "झालं."

झालं नव्हतं. डबी बसवून एसी लावला तर गरम हवेचा झोत आला. बोरीवलीच्या उन्हात बंद गाडीत गरम हवा! मी ओरडत बाहेर आले. डबीचा दांडा आणि झडपेची खाच एका रेषेत आणायची राहिली होती. हे पुस्तकात होतं आणि मी ते वाचून दाखवलंही होतं, पण तेव्हा आतून "काय?" आलं होतं आणि मी कंटाळून पुढच्या ओळीवर गेले होते. आजोबा परत आत सरकले. या वेळी खांदा अडकला नाही. दांडा जुळवला, स्क्रू पिळले, बॅटरीची एक वायर काढून थोडा वेळ थांबलो, कारण तसं केलं की गाडीला झडपेची जुनी जागा विसरून नवी शिकता येते, आणि मग वायर परत लावली.

मी बटण दाबलं. थंड हवा आली. टकटक नाही. मी पुन्हा दाबलं, वर, खाली. नाही.

आजोबा गोधडीवर बसले होते, हात ग्रीसने भरलेले. लांब स्क्रूड्रायव्हर बाजूलाच पडला होता. त्यांनी तो उचलला नाही. माझ्याकडे बघितलं.

"गेला?"

"गेला."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ते म्हणाले आणि हात पुसायला लागले. एवढा यंत्रातला माणूस, पण स्वतः न तपासता दुसऱ्याच्या शब्दावर काम संपलं म्हणताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

लिफ्टमध्ये ते म्हणाले, "त्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घे. पण तू बरोबर ये. ते काय बोलतील ते मला कळायचं नाही."

डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटले. त्यांनी ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो थरथरणारा धातूचा चिमटा आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. आजोबा लगेच म्हणाले, "आमचा स्क्रूड्रायव्हर!" डॉक्टरांना काही कळलं नाही, मला सगळा किस्सा सांगावा लागला. आतला कान चांगला आहे, मधली नाजूक हाडं आखडल्यामुळे बाहेरचा आवाज तिथवर पोचत नाही, कानाच्या यंत्राने छान ऐकू येईल, असं ते म्हणाले. पण हे नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच रविवारच्या संध्याकाळचं, यंत्र तर सोडाच, डॉक्टरही अजून भेटले नव्हते तेव्हाचं.

आपला फोन लागला. नेहमीसारखी तुमची आई पुढे, तुम्ही दोघं मागे सोफ्यावर. धाकटीने पाठ फिरवली होती. आजोबांनी हात हलवला नाही. फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि कारखान्यात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "ऐका. मला ऐकू येत नाही. तुम्ही बोलता ते कळत नाही मला. तुमचं काही चुकलेलं नाही. माझे कान गेलेत."

तुमची आई "बाबा..." म्हणून थांबली. तू उठून जवळ आलास.

"थोडंही येत नाही?" तू विचारलंस. मी ते त्यांच्या कानाशी तोंड नेऊन परत म्हटलं.

"थोडं येतं. हळू आणि मोठ्याने बोललं तर. आणि तोंड दिसलं तर."

"मग तुम्हाला कसं कळलं की येत नाही?"

हा प्रश्न आम्हा मोठ्यांपैकी कुणी विचारला नसता. आजोबांनी फोन माझ्याकडे दिला, आत जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला आणि तुला सगळं सांगितलं, टोक कुठे, मूठ कुठे, हाड कोणतं. धाकटी वळून बघायला लागली. तू "थांबा" म्हणून पळालास. मागे खण उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज, आईचं "हळू!" आणि मग, आईने फोन आत नेला तर, तू तुमच्या स्वयंपाकघरात फ्रिजला स्क्रूड्रायव्हर टेकवून उभा, धाकटी तुला ढकलून मला दे, मला दे करतेय.

"आजोबा, फ्रिज गुरगुरतोय!" तू पडद्याजवळ तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून ओरडलास. त्यांना ते माझ्याशिवाय कळलं.

"सलग की मधे मधे तुटतो?"

"काय?"

"आवाज! सलग आहे की तुटक?"

"थांबा, नीट ऐकतो," तू म्हणालास. आणि आम्ही दोघं पडद्यावर तुमच्या फ्रिजचं दार बघत थांबलो.